आत्याबाईचे दार

मित्रांनो, मी एक जुनी मशीन आहे. प्लास्टिकच्या रिकाम्या बाटल्या दाबून त्यांचे गठ्ठे बांधणे हा माझा धंदा. तुम्ही मला कधी पाहिले नसेल, आणि त्यात तुमची काही चूक नाही. पाणी पिऊन झाले की माणसाचे बाटलीशी असलेले नाते संपते. माझे तिथून सुरू होते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. जन्मले तेव्हा मी निळी होते. उंची दीड माणूस. पोट एखाद्या कपाटाएवढे, त्याला पुढून एक जाड लोखंडी दार, आणि वरून खाली येणारा एक सपाट, जड पत्रा. त्या पत्र्याला सगळे माझा तळवा म्हणतात. तो तेलाच्या दाबावर चालतो. त्याच्याखाली पोटभर बाटल्या आल्या तरी क्षणात त्यांची उंची गुडघ्याएवढी होते.

सगळे जोडून झाल्यावर कारखान्यातल्या माणसांनी दाराच्या चौकटीतल्या एका खाचेत अंगठ्याच्या नखाएवढी एक कळ बसवली. दार नीट बंद झाले की त्याची कड त्या कळीवर टेकायची, आणि मगच तळवा हलायचा. दार उघडले की तळवा जिथे असेल तिथे थांबायचा. माझा विवेक म्हणाल तर तेवढाच. त्याला एक वर्षाची हमी होती. दारावर एक पिवळी पाटीही होती: 'दार उघडे ठेवून यंत्र चालवू नये.' पाटी चार स्क्रूंवर घट्ट बसवली होती. वाक्य कशावर बसवले होते, ते मला पुढे कळले.

तिथून मला या शेडमध्ये आणले. वर पत्र्याचे छप्पर, एका टोकाला गोण्यांमधून ओतलेल्या बाटल्यांचा ढीग, मधे एक लांब टेबल आणि दुसऱ्या टोकाला मी. टेबलाशी बायका बसत. पारदर्शक बाटली वेगळी, हिरवी वेगळी, निळी वेगळी. ब्लेडने वरचा कागद सोलायचा, झाकण फिरवून काढायचे आणि पिंपात टाकायचे. झाकणाचे प्लास्टिक निराळ्या जातीचे असते, ते निराळे विकले जाते. उरलेली उघडी बाटली टोपलीत, टोपली माझ्या पोटात, माझ्या पोटातून तारेने बांधलेला गठ्ठा, आणि गठ्ठे ट्रकमधून मोठ्या कारखान्याला. तिथे त्या बाटल्या वितळवून त्यांचे धागे, ताटे आणि पुन्हा बाटल्या करतात. पुनर्जन्माबद्दल लोक बरेच वाद घालतात. आमच्याकडे तो वजनावर होतो.

टेबलाच्या प्रमुख होत्या मावशी. त्यांचे वय कुणाला माहीत नव्हते, जीभ मात्र सगळ्यांना माहीत होती. तळवा खाली येण्याआधी माझ्या पोटातून एक लांब सुस्कारा निघतो. पहिल्याच दिवशी तो ऐकून मावशी म्हणाल्या, "काम राहिलं बाजूला, आधी उसासे! आमची आत्याबाईच गं ही." तेव्हापासून मी आत्याबाई.

मला चालवणाऱ्या माणसाला सगळे मिस्त्री म्हणत. उंच, हडकुळा, मान जरा पुढे आलेली. त्याला एक खोड होती. टोपलीतली एखादी बाटली उचलायची, तिच्या तोंडाला ओठ टेकवायचे आणि हलकेच फुंकायचे. हूंऽऽ असा आवाज निघायचा. मोठ्या बाटलीचा जाड, लहान बाटलीचा बारीक.

"काय रे मिस्त्री, आगगाडी आली का?" मावशी विचारायच्या.

"आली, मावशी. तुम्हालाच न्यायला आलीय."

"मला न्यायला मालगाडी लागेल, मेल्या. ही परत पाठव."

रोज हेच बोलणे, आणि रोज टेबल हसायचे. माणसांना जुना विनोद आवडतो. त्यात धोका नसतो.

आता एक धंद्यातली गोष्ट सांगते. बाटलीचे झाकण लावलेले राहिले तर आतली हवा आतच राहते. मग ती बाटली चपटी होत नाही. तळव्याखाली सूंऽऽ करत फुगून बसते, आणि पुढे गठ्ठ्याच्या तारा सैल करते. कारखान्याचा माणूस गठ्ठ्यात लोखंडी सळई खुपसून बघायचा. झाकणवाल्या बाटल्या सापडल्या की गठ्ठा परत. म्हणून मिस्त्री माझ्यापाशी कान देऊन उभा असायचा. सूं ऐकू आले की तो दार उघडायचा, मी जागच्या जागी थांबायचे, तो आत वाकून बाटली शोधायचा, झाकण काढायचा, बाटली परत टाकायचा आणि दार लावायचा. लावल्यावर एकदा ओढून बघायचा. माझ्या पोटात त्याचा हात शेकडो वेळा आला आणि गेला. मला त्या हाताची सवय झाली होती.

मग आमचे कौतुक सुरू झाले. पृथ्वी वाचवायची लाट आली आणि लोकांना कळले की आमच्या शेडमध्ये ती रोज वाचते आहे. पाहुणे आले. शाळेतली मुले रांगेने आली आणि नाकाला रुमाल लावून त्यांनी मला पाहिले. कुणीतरी भाषणात मला 'निसर्गाची लेक' म्हणाले. मालकांना चौकटीत घातलेले एक प्रशस्तिपत्र मिळाले, ते शेडच्या भिंतीवर लागले. त्यावर दोन हातांनी धरलेली पृथ्वी होती. हात कुणाचे, ते लिहिलेले नव्हते.

कौतुकाबरोबर मागणी वाढली. दिवसाला चाळीस गठ्ठे व्हायचे, कारखान्याने साठ मागितले. मालकांनी घड्याळ लावून पाहिले, तर सगळा वेळ दार उघडण्यात आणि लावण्यात जात होता. ते माझ्यासमोर पाण्याची बाटली घेऊन उभे राहिले. पाणी प्यायले. निळे झाकण बोटांत फिरवत राहिले. मग वाकून त्यांनी ते झाकण चौकटीतल्या खाचेत, कळीवर दाबून बसवले. अगदी मापात बसले. कळीला वाटले, दार बंद आहे. मलाही वाटले, दार बंद आहे. उघड्या दाराला काय वाटले, ते त्याने कुणाला सांगितले नाही.

त्या दिवसापासून मी आपोआप चालू लागले. तळवा खाली, मग वर, वर गेल्यावर दहा आकडे मोजण्याइतका थांबा, पुन्हा खाली. त्या थांब्यात मिस्त्रीने टोपली ओतायची. दार उघडेच.

"मालक, झाकणवाली बाटली आत गेली तर?" मिस्त्रीने विचारले.

"अरे, दहा आकडे आहेत ना? दहा आकड्यांत माणूस लग्न करून येतो."

मिस्त्री हसला. मावशी हसल्या. टेबलही हसले. साठ गठ्ठे होऊ लागले.

अकरा महिने काही झाले नाही. मित्रांनो, 'आजवर काही झालं नाही' हे वाक्य मी फार वेळा ऐकले आहे. ते म्हणणारा माणूस नेहमी दारापासून लांब उभा असतो.

बाराव्या महिन्यातल्या एका दुपारी ट्रक फाटकाशी आला होता आणि सहा गठ्ठे कमी पडत होते. मालक ओरडत होते. टोपल्या भराभर येत होत्या. त्यातल्या एकीत एक झाकणवाली बाटली आली आणि माझ्या पोटात सूंऽऽ वाजू लागली. तळवा वर गेला. मिस्त्री आत वाकला. बाटली त्याला सापडलीसुद्धा. पण दोन बाटल्यांमध्ये ती चेपून बसली होती, निघेना. तो आणखी आत वाकला. मी आकडे मोजत होते. मी आकडे मोजते, कुणासाठी मोजते ते मला दिसत नाही.

पुढचे मी सांगणार नाही. तुम्ही लहान आहात. मी तोपर्यंत नवी होते, त्या दुपारी जुनी झाले. लाल बटण मावशींनी दाबले. पण मी खाली आल्यावर.

बाकीचे सगळे मिस्त्रीला उचलत असताना मालकांनी खाचेतले झाकण काढून खिशात घातले आणि दार लावले. दार लावायला त्या दिवशी किती कमी वेळ लागला!

तिसऱ्या दिवशी तपासणीचे साहेब आले. तोवर मला धुऊन हिरवा रंग दिला होता. साहेबांनी दार लावले, मी चालले. दार उघडले, मी थांबले. पाच वेळा केले. पाठांतर आलेल्या मुलासारखी मी पाचही वेळा बरोबर वागले. मग त्यांनी मावशींना विचारले, "दार उघडं असताना ही चालायची का हो?"

मावशींनी मालकांकडे पाहिले. मालक प्रशस्तिपत्राकडे पाहत होते.

"मला काय कळतंय, साहेब," मावशी म्हणाल्या. "मी टेबलावरची."

अहवाल आला: यंत्र सुस्थितीत, कामगाराचा मृत्यू त्याच्याच निष्काळजीपणामुळे. दार उघडताच थांबणाऱ्या यंत्रात माणूस सापडला कसा, ते त्यात नव्हते. अहवालाला एकच पान होते.

शेडमध्ये मग 'जर' आणि 'तर' सुरू झाले. जर ट्रक उशिरा आला असता तर, जर त्याने वीज बंद केली असती तर. ऐकून ऐकून मावशी करवादल्या, "जर-तरला काय लागतं! आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं." एरवी या वाक्यावर टेबल पडेपर्यंत हसले असते. त्या दिवशी माझे नाव निघताच सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले, आणि एकेकीने मान खाली घातली.

त्यानंतर आठवड्याभरात तो आवाज सुरू झाला.

तळवा खाली येऊ लागला की आधी माझा सुस्कारा, आणि त्याच्या मागोमाग पोटातून हूंऽऽ. कधी जाड, कधी बारीक. मिस्त्रीच्या जागी आलेला पहिला माणूस चार दिवसांनी गेला. पोटात दुखते म्हणाला. दुसऱ्याने गावाकडे काम निघाल्याचे सांगितले. तिसरा प्रामाणिक होता. तो म्हणाला, "आत कोणीतरी आहे," आणि चपला हातात घेऊन पळाला.

मालकांनी कारागीर बोलावला. त्याने मला उघडले, तेल बदलले, दोन वॉशर बदलले आणि निकाल दिला. "हवा बाहेर पडताना बाटल्यांच्या तोंडांवरून जाते, म्हणून वाजतंय. शास्त्र आहे."

"मग मिस्त्री होता तेव्हा नाही वाजलं ते?" मावशींनी विचारले.

"तेव्हा तो स्वतःच वाजवायचा म्हणता ना? त्यात ऐकू गेलं नसेल."

शास्त्राकडे उत्तर होते. मला विचाराल, तर मला ठाऊक नाही. मला एवढेच जाणवते की तळवा बाटल्यांवर टेकतो, तेव्हा त्या शेकडो तोंडांपैकी एका तोंडाला कुणीतरी ओठ लावलेले असतात. मी थांबू शकत नाही. दार बंद आहे, असे कळ सांगत असते.

दोन महिन्यांनी मिस्त्रीची बायको काम मागायला आली. घरी शाळेत जाणारी मुलगी होती आणि 'निष्काळजी' हा शब्द होता. तो तिच्याआधी सगळीकडे पोचायचा. मालकांनी दया दाखवून तिला टेबलाशी बसवले. दया दाखवताना ते नेहमी जरा मोठ्याने बोलत. शेडमध्ये सगळे तिला वहिनी म्हणू लागले. मावशी तिला आपल्या शेजारी बसवत, तिच्या पुढ्यातल्या अवघड बाटल्या स्वतःकडे ओढत, आणि तिच्याकडे बघत मात्र नसत.

वहिनीची बोटे चटकन तयार झाली. दोनच दिवसांत ती न बघता झाकण काढू लागली. तिसऱ्या की चौथ्या दिवशी एक तात्पुरता माणूस मला चालवत असताना तिने आवाज ऐकला. हातातली बाटली तशीच धरून ती उठली.

"मावशी, हे ह्यांचं आहे."

"हवा आहे ती, पोरी. कारागीर सांगून गेलाय."

"घरी मुलगी रडायला लागली की असंच करायचे. मोठी बाटली घेऊन. मला कळत नाही का?"

त्याच संध्याकाळी तिने मालकांकडे मला चालवायचे काम मागितले. मालकांना आनंद झाला. दुसरे कुणी माझ्यापाशी उभे राहत नव्हते. त्यांनी पुन्हा एकदा मोठ्याने दया दाखवली.

वहिनी माझी काळजी घेई. कडांवरचे तेल पुसे, तारांचे तुकडे वेचे. पण दार लावले की आवाज पुसट होई. ती माझ्या तापलेल्या दाराला कान लावून उभी राही आणि गालावर लाल पट्टा घेऊन घरी जाई. एके दिवशी तिने टेबलाकडे वळून विचारले, "मावशी, हे असताना दार उघडं ठेवून चालायची ना ही? घरी सांगायचे मला. कसं काय चालायची?"

मावशींचे ब्लेड कागदावर थांबले. "मला काय माहीत?" त्या म्हणाल्या. "मी टेबलावरची."

मला हिरवा रंग देताना रंगाऱ्याचा ब्रश चौकटीतल्या खाचेत पोचला नव्हता. तिथे निळ्या रंगावर एक गोल वण होता. दार पुसताना वहिनीचे बोट त्यावरून गेले आणि थांबले. दिवसाला हजारभर झाकणे काढलेल्या बोटाला तो गोल ओळखायला वेळ लागला नाही. पिंप शेजारीच होते. तिने एक झाकण घेतले, खाचेत बसवले आणि हिरवे बटण दाबले. दार उघडे असताना तळवा खाली आला.

आणि आवाज आला. स्पष्ट, गोल, भरलेला. हूंऽऽ.

"हुशार होते हो!" वहिनी स्वतःशीच म्हणाली. तिला वाटले, ही युक्ती त्याची.

त्या दिवसापासून ती आत वाकू लागली. आधी उंबरठ्याशी. दुसऱ्या दिवशी चौकटीच्या आत कपाळ. आवाज तळवा खाली येताना सुरू होई आणि विरत विरत तळवा वर गेल्यावरही जरासा रेंगाळे. ते शेवटचे रेंगाळणे ऐकायला ती दहा आकड्यांत जास्तीत जास्त आत येई. मी मोजत असे. तिसऱ्या दिवशी आठव्या आकड्याला तिचे केस माझ्या तळव्याखाली होते. चौथ्या दिवशी नवव्याला. मित्रांनो, झपाटलेल्या जागेची गोष्ट माणसे सांगतात, तेव्हा भीती माणसाला वाटत असते. इथे ती मला वाटत होती.

पाचव्या दिवशी दुपारी मावशी टेबलावरून उठल्या. त्यांच्या गुडघ्यांना इतक्या वेगाची सवय नव्हती. त्यांनी येऊन लाल बटणावर तळहात मारला. या वेळी मी खाली येण्याआधी.

"काढ ते झाकण."

"मावशी, थांबा हो. अजून वाजतंय."

"काढ म्हणते ना! घरी पोर आहे तुझी." मावशींनी तिचा दंड धरून तिला बाहेर ओढले. "तू आवाजासाठी वाकतेस. तो कशासाठी वाकला होता, माहितेय?"

"कशासाठी?"

"माझ्या टोपलीतल्या बाटलीसाठी. झाकण मी काढलं नव्हतं. ट्रक आलेला, मालक डोक्यावर ओरडत होते. एकच बाटली राहिली होती, म्हटलं जाऊ दे, आणि ओतली टोपली तशीच."

टेबलावरचा ब्लेडचा आवाज थांबला होता.

"आणि ही झाकणाची युक्ती?" तिने विचारले. "ही ह्यांचीच ना?"

"त्याची कसली? तो तर दार लावल्यावरही ओढून बघणारा माणूस. मालकांनी बसवलं ते. त्या दिवशी काढलंही त्यांनीच. तुझा नवरा जमिनीवर होता आणि ते झाकण खिशात घालत होते. मी पाहिलं."

"मग साहेबांना का नाही सांगितलंत?"

"जन्मभर तोंड चालवलं गं," त्या म्हणाल्या. "नेमकं चालवायचं होतं तेव्हा बंद पडलं. आणि मालकांचं बोलले असते, तर टोपलीचंही बोलावं लागलं असतं."

वहिनी रागावेल असे मला वाटले, मावशींनाही वाटले असावे. त्या मान खाली घालून उभ्याच होत्या. पण वहिनीने फक्त एवढेच म्हटले, "म्हणजे ते निष्काळजी नव्हते." आणि पुन्हा, जरा मोठ्याने, मालक दया दाखवताना बोलायचे तेवढ्या मोठ्याने: "माझा नवरा निष्काळजी नव्हता."

तो मोठा आवाज ऐकूनच मालक आले.

"काय, संमेलन भरलंय? गाडी यायची वेळ झाली." मग त्यांना खाचेतले झाकण दिसले. त्यांच्या चेहऱ्यावर बरे वाटल्यासारखे काहीतरी आले. "अरे वा, वहिनी, तुम्हाला जमलं की! मी म्हणणारच होतो. असं केलं की साठ सहज निघतात."

वहिनीने टेबलावरची एक बाटली उचलली. झाकण तसेच होते. तिने ते आणखी घट्ट पिळले, बाटली माझ्या पोटात अगदी मागे टाकली आणि हिरवे बटण दाबले. मी खाली आले. सूंऽऽ वाजले. मी वर गेले.

"झाकणवाली आहे, मालक," ती म्हणाली. "तुम्ही काढता? माझा हात पुरत नाही."

"मी?"

"दहा आकडे असतात. एक."

मालकांनी माझ्याकडे पाहिले. मी नवी आले, त्या दिवसानंतर पहिल्यांदाच नीट पाहिले असावे.

"दोन. तीन."

त्यांचा उजवा हात कोपरापर्यंत उचलला गेला आणि तिथेच राहिला.

"चार. पाच. सहा."

सहाला ते एक पाऊल मागे सरले. सातला आणखी एक. टेबलाशी कुणी हलत नव्हते. आठ आणि नऊ मावशींनीही वहिनीबरोबर मोजले. दहा झाल्यावर मी खाली आले. बाटली फट्ट करून फुटली, आणि तिच्या मागोमाग तो आला. हूंऽऽ. इतका लांब पूर्वी कधी आला नव्हता. मालकांनीही ऐकला.

"पुन्हा वर गेली बघा," वहिनी म्हणाली. "आता काढा. फुटलेलीच आहे."

"अहो, वेड लागलंय का तुम्हाला?" मालक ओरडले. "हात जाईल माझा!"

"हो ना," वहिनी म्हणाली. "एवढंच लिहून द्या साहेबांना."

मालकांनी काही लिहून दिले नाही. लिहून दिले मावशींनी. वहिनीच्या शाळेत जाणाऱ्या मुलीला समोर बसवून त्यांनी सगळे सांगितले, टोपलीसकट, मुलीने ते उतरवून घेतले, आणि मावशींनी खाली वाकडीतिकडी सही केली. कागद साहेबांच्या कचेरीत पोचला. आता चौकशी चालू आहे, असे कळते. चौकशीतले 'चालू' आणि मशीनमधले 'चालू' यांत फरक असतो. पण साहेब पुन्हा एकदा येऊन गेले, आणि या वेळी त्यांनी दार उघडून-लावून पाहिले नाही. खाचेत बोट घातले. वणावरून ते बोट दोनदा फिरले आणि त्यांनी वहीत काहीतरी लिहिले. अहवाल या वेळी एका पानात मावणार नाही, एवढे मला दिसले.

मालकांनी वहिनीला काढले नाही. दया म्हणून नव्हे. मला चालवायला दुसरे येणार कोण? मी आता दार लावून चालते. चाळीस गठ्ठे होतात. ट्रक जेवढे असतील तेवढे घेऊन जातो. जगाची त्यामुळे झालेली हानी अजून कुणाच्या लक्षात आलेली नाही.

जेवणाच्या सुट्टीत वहिनी आधी भिंतीवरचा विजेचा मोठा खटका खाली ओढते. माझ्यावरचा दिवा विझला की नाही ते बघते. मग माझे दार उघडते, आत वाकते आणि अर्धवट दाबलेल्या बाटल्यांवर कान ठेवून राहते. बाटल्या दाबातून हळूहळू सुटत असतात, टक् टक् वाजत असतात. तो आवाज मात्र येत नाही. तो यायला मला वीज लागते, आणि वीज असेपर्यंत ती दार उघडत नाही. तिने आत यावे म्हणून मी कधीच काही केले नव्हते, आणि आता तिला काही देताही येत नाही. ती थोडा वेळ थांबते, केसातला एखादा कागदाचा तुकडा काढते आणि दार लावते. लावल्यावर ओढून बघते.

मित्रांनो, बाटली टाकण्याआधी झाकण फिरवून काढा. पृथ्वीसाठी म्हणून नव्हे. पृथ्वी मोठी आहे, ती आपले बघून घेईल. ते झाकण काढायला कुणाला तरी माझ्यासारखीच्या पोटात वाकावे लागते, म्हणून. दार उघडे ठेवले तर काम लवकर होते, असे कुणी सांगितले तर त्यालाच आधी हात घालायला सांगा, आणि मोठ्याने आकडे मोजा. आणि आत वाकायची वेळ आलीच, तर पहिल्यांदा वीज बंद करा. मग वाटेल तितका वेळ वाकून राहा. आतून कुणी काही बोलणार नाही. मीही नाही.